दुकान वाढवणे आहे

टॉपरकडे सगळं होतं, फक्त गोष्ट नव्हती.

हे प्रोफाइलबाईंनी पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं आणि टॉपरच्या आईचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांत पोरीने करायचं बाकी काय ठेवलं होतं? पहिला नंबर तर घरातलाच माणूस झाला होता. दुसरा कसा दिसतो ते कुणी पाहिलं नव्हतं. वादविवादाच्या ढाली होत्या, पोहण्याची पदकं होती, पियानोच्या परीक्षाही झाल्या होत्या. पियानो घरात नव्हता ही गोष्ट वेगळी. ती शिक्षिकेकडे जाऊन तिचा बडवून यायची. घरात तिला नावाने हाक मारणं कधीच बंद झालं होतं. "टॉपर, जेवायला ये." "टॉपर, दार उघड." आणि ती पोरगीही मुकाट ओ द्यायची.

प्रोफाइलबाईंनाही आईबापांनी काहीतरी नाव ठेवलं असेलच. पण त्यांच्या दर दुसऱ्या वाक्यात 'प्रोफाइल' यायचं, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं आणि तेच चिकटलं. औषधांच्या दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. भिंतीभर फोटो, आणि फोटोंत दगडी इमारतींसमोर दात दाखवत उभी असलेली मुलं. मोठमोठ्या नाकवाल्या कॉलेजांत मुलं पोचवून देणं हा बाईंचा धंदा. त्याला त्या मार्गदर्शन म्हणायच्या.

"टक्के सगळ्यांनाच असतात हो," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे रोज आया टक्के घेऊन येतात. हिची गोष्ट काय ते सांगा. बिझनेसला जायचंय ना? मग आजवर हिने चालवलंय काय?"

"पॉडकास्ट चालवते," आई म्हणाली. "नेतृत्व या विषयावर."

"ऐकतं कोण?"

एक आई ऐकायची, आणि दुसरी टॉपरची मावशी, जी ते लावून ठेवून भांडी घासायची आणि नळाच्या आवाजात तिला ओ की ठो कळायचं नाही.

बाईंनी कागदावर तीन रकाने आखले. हमखास, जमलं तर, आणि स्वप्न. हमखासच्या रकान्यात टॉपरने पाहिलंसुद्धा नाही. स्वप्नाच्या रकान्यात एकच नाव होतं. हे कॉलेज शंभरातल्या शहाण्णव मुलांना नाही म्हणतं आणि वर त्याचीच जाहिरात करतं. उद्या एखाद्या खानावळीने 'आम्ही शंभरातल्या शहाण्णव गिऱ्हाइकांना उपाशी परत पाठवतो' अशी पाटी लावली तर लोक काचा फोडतील. कॉलेजबाहेर मात्र रांग लागते. टॉपरला तिथेच जायचं होतं. का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण विचारणार कोण?

"मी एखादी संस्था काढू का?" टॉपरने विचारलं.

"नको गं बाई. यंदा माझ्याकडे संस्थाच संस्था झाल्यात."

खरंच होतं ते. टॉपरच्या वर्गात प्रत्येकाची संस्था होती. कुणी भटक्या मांजरांसाठी काढली होती, कुणी समुद्रासाठी. सगळेच अध्यक्ष झाल्यामुळे सभासद व्हायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून शेवटी आया सभासद झाल्या होत्या.

"वडील काय करतात?" बाईंनी सहज विचारलं.

आईने आवाज खाली घेतला. "त्यांचं आपलं... कपड्यांचं असतं."

"लाँड्री आहे," टॉपर म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "घरचा उद्योग? आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं स्पष्ट दिसत होतं. "हिने ते वाढवायचं. अर्ज जायच्या आत. मला आकडा द्या फक्त. दुप्पट म्हणा, तिप्पट म्हणा, आलेखावर वर चढताना दिसलं पाहिजे."

आता बाबांचं दुकान काही आजारी नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. कोपऱ्यावरचं साधंसं दुकान, पण भागातले सगळे जाड कोट, पडदे, ब्लँकेटं तिथेच यायची. पुढे काउंटर, मागे कपड्यांनी गच्च भरलेल्या दांड्या, प्रत्येक कपड्याला टाचलेली नंबराची चिठ्ठी, आणि आतल्या अंगाला वाफेच्या इस्त्रीपाशी मामा. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. दुकान निघालं तेव्हापासून इस्त्रीला उभे असलेले, म्हणून सगळ्यांचे मामा. डाग निघणार नसेल तर बाबा तोंडावर सांगायचे, आणि दिलेली तारीख चुकवायचे नाहीत. एवढ्यावर दुकान छान चाललं होतं. टॉपरला मात्र त्यांनी लहानपणापासून तिकडे फिरकू दिलं नव्हतं. वासाने डोकं दुखेल, अभ्यास बुडेल, तू घरी जा.

योगायोग असा की त्याच महिन्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ते दवाखान्यात असेपर्यंत आणि नंतर घरी झोपून असेपर्यंत दुकान मामांवर सोडायचं ठरत होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "टॉपर बसेल की."

बाबांना खरं वाटेना. "हिला दुकानात बसायचंय?"

"हो, बाबा."

अर्जाचं कुणीच काही बोललं नाही. बाबा इतके हरखले की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लंगडत दुकानात जाऊन त्यांनी काउंटर पुसला, तिच्यासाठी गादीची खुर्ची आणून ठेवली आणि तिला शेजारी बसवून घेतलं. "हे बघ, धंदा नाही वाढला तरी चालेल," ते म्हणाले. "गिऱ्हाईक सांभाळ. एक गिऱ्हाईक जोडायला मला वर्ष वर्ष लागलंय. मी परत येईन तेव्हा ही माणसं मला इथे दिसली पाहिजेत. बस्स."

"दिसतील, बाबा," टॉपर म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. माणसं तर तिला तिप्पट दाखवायची होती.

बाबा दवाखान्यात गेले आणि टॉपरने कामाला हात घातला. घरपोच सेवा, फोनवरून नोंदणी, सभासदांना सवलत, इस्त्रीचं नवं यंत्र, सगळं तिने रंगीत चौकटींत मांडून ठेवलं. पण एवढं सगळं करायला जागा कुठे होती? मागच्या दांड्यांवर लोकांचे कपडे महिनोन्‌महिने लटकत होते. लोक कपडे टाकून जातात आणि विसरतात. बाबा ते जपून ठेवतात आणि कधी बोलत नाहीत. टॉपर म्हणाली, आधी हा पसारा हलवू. तिने एक सुंदर पाटी छापून आणली आणि काचेवर बाहेरून दिसेल अशी लावली.

'ग्राहकांस नम्र विनंती. येत्या एक तारखेपासून आम्ही दुकान वाढवत आहोत. जागा मोकळी करायची असल्याने आपले कपडे त्याआधी घेऊन जावेत. इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.'

तुमच्या कपाळाला आठी पडली ना? पडायलाच हवी. अहो, दुकानदाराच्या तोंडून 'बंद' हा शब्द कधी निघतो का? दिवस संपला, शटर ओढलं, की त्याने दुकान वाढवलं. आणि कायमचं शटर ओढायची वेळ आली तरी शब्द तोच, फक्त आवाज जरा खाली येतो. बाबा रोज फोनवर घरी सांगायचे, "वाढवतोय, निघालोच." टॉपरच्या कानांवर ते हजार वेळा पडलं होतं आणि एका कानाने येऊन दुसऱ्याने गेलं होतं. भाषेत तिला पैकीच्या पैकी होते. आईने पाटी तपासली, पण ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघितलं. बाईंना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या अक्षरांचं वळण छान आहे. तीन शिकलेल्या बायकांच्या नजरेखालून ती पाटी गेली आणि काचेवर चिकटली.

मामांनी ती बाहेर उभं राहून वाचली. मग आत येऊन इस्त्री पेटवली.

"ताई, मालकांना माहीत आहे?"

"नाही, मामा. ते बरे होऊन आले की सांगू. आत्ता दवाखान्यात कशाला डोक्याला ताप?" तिला त्यांना चकित करायचं होतं.

"आणि माझं काय?"

"तुमचं काय म्हणजे? तुम्हाला आता असं दिवसभर उभं राहायला नको." ती नव्या यंत्राबद्दल बोलत होती.

मामांनी मान हलवली आणि समोरच्या कोटाची बाही सरळ केली. पुढे त्यांनी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. मालकाच्या घरचा निर्णय, त्यात आपण कोण बोलणारे, असं त्यांचं गणित.

पहिले आले ते निवृत्त न्यायाधीश. त्यांचे दोन काळे कोट अजून दरमहा यायचे. ते घालून आता ते कुठे जात होते देव जाणे. पाटी वाचून ते आत आले आणि टोपी काढून उभे राहिले.

"वाढवताय म्हणे."

"हो, आजोबा," टॉपर उत्साहाने म्हणाली.

"ऐकून वाईट वाटलं."

"बदल म्हटला की सुरुवातीला वाटतंच तसं." हे तिच्या पॉडकास्टच्या चौथ्या भागातलं वाक्य होतं.

"वडिलांच्या तब्येतीमुळे का?"

"त्यांच्या तब्येतीमुळेच तर ही संधी मिळाली."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी नाना तऱ्हेचे आरोपी पाहिले असतील, पण असं कोडगं पोर बहुधा पाहिलं नसावं. ते कोट घेऊन गेले आणि जाताना काउंटरवर हात टेकून क्षणभर थांबले. टॉपरला वाटलं गुडघे दुखत असतील.

मग रांगच लागली. हॉटेलचा मॅनेजर गाडी घेऊन आला, टेबलांवरची सगळी कापडं उचलली आणि म्हणाला, "हिशेब आजच मिटवून टाकू, मागे काही राहायला नको." टॉपरने त्याचे आभार मानले. बँडवाले आले आणि लाल कोटांचा ढीग खांद्यावर टाकून गेले. वर्षभर तोंड न दाखवलेले लोक ब्लँकेटं शोधत आले. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी टॉपरचा हात हातात घेतला. "तुझ्या बाबांनी माझी कितीदा वेळ निभावून नेली गं," त्या म्हणाल्या. टॉपरने मनात नोंद केली, ग्राहकांचं भावनिक नातं, निबंधात घालायचं.

ती रोज संध्याकाळी माणसं मोजायची आणि आलेख काढायची. रेघ अशी वर चढत होती की तिचं तिलाच कौतुक वाटावं. गल्ला ओसंडत होता. जुनी बाकी सगळी वसूल. आत कपडा एकही येत नव्हता, सगळे बाहेर जात होते, पण आलेखात येणारी माणसं होती, जाणारे कपडे नव्हते. दांड्या रिकाम्या होत गेल्या तशी ती खूश होत गेली. जागा मोकळी होतेय ना. अहो, बँक बुडणार म्हणून लोक पैसे काढायला धावले आणि मॅनेजरने त्या गर्दीचा फोटो काढून घरी लावला, तशी गत. मामा आतून सगळं बघत होते आणि शेवटचे शेवटचे कपडे नेहमीपेक्षा जास्त मन लावून इस्त्री करत होते.

"तिप्पट," टॉपरने बाईंना फोन करून सांगितलं.

बाईंनी तिकडे टाळी वाजवली. निबंध दोघींनी मिळून पक्का केला. 'वडिलांच्या लहानशा दुकानात मी तिप्पट वाढ घडवून आणली.' अर्ज गेला. बटण दाबताना आईने तिचा फोटो काढला, डोळे मिटलेले आले म्हणून पुन्हा दाबायला लावलं, पण आता दाबायला काही उरलं नव्हतं, म्हणून नुसतं बोट ठेवून काढला.

त्यानंतर दुकानात कुणी आलं नाही.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, असेल एखादा दिवस. दुसऱ्या दिवशी तिने सवलत जाहीर केली. तिसऱ्या दिवशी मामा आले ते धुतलेला शर्ट घालून, आणि इस्त्रीकडे न जाता काउंटरसमोर उभे राहिले.

"येतो मी, ताई. मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत जमलंय. उद्यापासून बोलावलंय."

"का पण, मामा?"

"आता दुकान वाढवल्यावर मी इथं काय करू?"

"अहो, वाढवल्यावर तर जास्त माणसं लागतील."

मामा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काचेवरच्या पाटीकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे. त्यांना हसू आलं की रडू ते कळायला मार्ग नव्हता.

"पोरी," ते हळू म्हणाले, "वाढवलं म्हणजे बंद केलं."

एकेक माणूस टॉपरच्या डोळ्यांपुढून गेला. टोपी काढून उभे राहिलेले न्यायाधीश, हात हातात घेणाऱ्या बाई, हिशेब मिटवणारा मॅनेजर. ते सगळे निरोप द्यायला आले होते. आणि ती काउंटरमागे उभी राहून हसून आभार मानत होती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस मालकांना सांगू नका. मला वाटलं घरात ठरलंय तुमचं."

"थांबा ना, मामा."

"शब्द देऊन बसलोय गं तिकडं." मामांनी इस्त्रीच्या टेबलावरचं आपलं फडकं घडी करून खिशात घातलं. "मालकांना मी जाऊन सांगू?"

"नको. मी सांगते. मीच सांगते."

"सांग पण. लवकर सांग."

पाटी तिने नखांनी खरवडून काढली. मग फोन लावत सुटली. मॅनेजरने दुसरीकडे वर्षाचा करार करून टाकला होता. बँडवाल्यांचे कोट पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या यंत्राच्या लाँड्रीत पोचले होते. न्यायाधीश सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "असू दे, बाळ, धीर सोडू नकोस," आणि त्यांनी फोन ठेवला. दुकान बुडालेली पोर काहीबाही बोलते आहे, असं त्यांना वाटलं असावं.

घरी येऊन तिने आईला सांगितलं. आईने कपाळावर हात मारला, दोन मिनिटं खाली बसली, आणि उठली ती कामाला लागल्यासारखी उठली.

"मुलाखत होईपर्यंत बाबांना एक अक्षर सांगायचं नाही."

"पण आई..."

"घरात रडारड झाली तर तू काय मुलाखत देणार? एवढ्यावर आणून ठेवलंय सगळं. मुलाखत झाली की सांगू. मी सांगीन हवं तर."

बाबा काठी टेकत दुकानात जाऊ लागले, तेव्हा दांड्या मोकळ्या होत्या आणि इस्त्री गार होती. मामा गेल्याचं आईने त्यांना सांगितलं होतं, जास्त पगार मिळाला म्हणून. बाबा म्हणाले, चांगलं झालं, त्याचं वय झालंय. मग ते गादीच्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे. ओळखीचे लोक समोरून जायचे, मान लववायचे आणि पटकन पुढे सटकायचे. ज्याचं दुकान बुडालं त्याच्याशी बोलायचं तरी काय?

संध्याकाळी ते लवकर घरी यायचे. टॉपरला वाटायचं, आता ओरडतील, काय दिवे लावलेस म्हणतील. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तू मनाला लावून घेऊ नकोस हं," ते तिलाच म्हणाले. "तू बसलीस बिचारी एवढे दिवस. माझंच काम ढिलं पडलं असेल. जजसाहेबांच्या कोटाची कॉलर मागच्या खेपेला मनासारखी बसली नव्हती. मला तेव्हाच वाटलं होतं. लोक बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात."

टॉपरने तोंड उघडलं. आई स्वयंपाकघरातून खोकली. टॉपरने तोंड मिटलं. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी ती प्रोफाइलबाईंकडे गेली आणि तिथेही रडली. सगळं सांगितलं, पाटीपासून कॉलरपर्यंत. बाई शांतपणे ऐकत होत्या. आता या आपल्याला हाकलणार, असं टॉपरला वाटलं. पण बाईंचे डोळे हळूहळू चमकायला लागले.

"अगं वेडे, हे तर तिप्पट वाढीपेक्षा भारी आहे."

"काय?"

"अपयश. यंदा अपयश फार चालतंय. मागच्या वर्षी आजारपण चालत होतं." त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "हे मुलाखतीत सांगायचं."

"पण अर्जात तर तिप्पट लिहिलंय."

"म्हणून तर. आपणहून खोडून काढायचं. याला प्रामाणिकपणा म्हणतात, आणि तो नेमका मुलाखतीत दाखवायचा असतो. 'माझ्या वडिलांचं दुकान', इथे थांब. श्वास घे. 'मी बंद पाडलं.' रडायचं नाही, रडू आवरल्यासारखं करायचं. आणि मग ते विचारतील, वडिलांना कसं सांगितलं? हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर पाठच कर."

"मी सांगितलेलंच नाही त्यांना."

"सांगशीलच ना कधीतरी? मग झालं. थोडं आधी सांगितलं असं समजायचं."

मुलाखत घरूनच होती, पडद्यावर. आईने तिच्या खोलीत मागे ढाली आणि पदकं मांडली, मग बाईंच्या सांगण्यावरून अर्ध्या काढून ठेवल्या. फार यश दिसायला नको म्हणे. बाबा दुकानातून दुपारीच परत आले होते. त्यांना आईने बाहेरच्या खोलीत बसवलं आणि खोकायचंसुद्धा नाही म्हणून बजावलं.

पडद्यावर कॉलेजच्या एक प्राध्यापिका होत्या आणि एक तरुण माजी विद्यार्थी होता, ज्याच्या मागच्या कपाटातलं एकही पुस्तक कधी उघडलेलं दिसत नव्हतं. इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी झाल्या. मग प्राध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही दुकानात तिप्पट वाढ केलीत. सध्या कसं चाललंय?"

"त्याबद्दल मला एक खरं सांगायचंय," टॉपर म्हणाली. "माझ्या वडिलांचं दुकान..."

ती थांबली. श्वास घेतला. "मी बंद पाडलं."

तिने सगळं सांगितलं. पाटी, रांग, आलेख, मामा. आवाज कापायला हवा होता तिथे कापला, आणि जिथे ठरलं नव्हतं तिथेही कापला. कॉलरचं सांगताना तर तिला खरंच पुढे बोलता येईना. तरुणाने मान खाली घातली. प्राध्यापिकांनी हनुवटीखाली हात घेतला होता.

"आणि हे तुम्ही वडिलांना कसं सांगितलंत?"

एवढा वेळ ती खरं बोलत होती, आणि खरं बोलताना तिला बरं वाटत होतं. क्षणभर वाटलं, हेही खरंच सांगावं. पण उत्तर पाठ होतं, आणि पाठ असलेलं उत्तर गिळायची सवय तिला कधीच नव्हती.

"त्याच संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले," ती म्हणाली. "त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'दुकान परत उभं राहील. तू खरं बोललीस, मला त्यातच सगळं मिळालं.'"

प्राध्यापिकांचे डोळे भरून आले. "फार मोठे आहेत तुमचे वडील," त्या म्हणाल्या. "अशा घरातली मुलं आम्हाला हवी असतात."

"हो," टॉपर म्हणाली. "मोठेच आहेत."

पडदा मिटला तशी आई धावत पुढे आली आणि तिने टॉपरला मिठीच मारली. ती कपाटाआड उभी राहून सगळं ऐकत होती. झालं म्हणाली, जिंकलीस म्हणाली, आणि बाईंना फोन लावायला वळली तर दारात बाबा उभे होते. काठीवर दोन्ही हात ठेवून. दार लोटलेलं होतं, आणि घर काही एवढं मोठं नव्हतं.

आईने फोन खाली ठेवला.

बाबा आत आले, पलंगाच्या कडेवर जपून बसले, दुखरा पाय लांब केला. रागावलेले दिसत नव्हते. फार दमलेले दिसत होते.

"कॉलरचं नव्हतं म्हणजे ते," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"बरं." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "ते पाटीचं वगैरे सगळं नीट ऐकू आलं मला. शेवटी शेवटी तुझा आवाज जरा बसला होता, तेवढं निसटलं. तू मला सांगितल्यावर मी काय म्हणालो?"

टॉपरने आईकडे पाहिलं. आई पदकांकडे बघत होती.

"सांग की," बाबा म्हणाले. "मलाही कळू दे."

उत्तर शब्दन्‌शब्द पाठ होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा टॉपरला ते देता येईना.